थंड नळीची पहिली गोळी

"कागदावर पाच बार काढले. चार तळहाताएवढ्या जागेत लागले, पहिला तेवढा चार बोटं वर गेला. रायफल बिघडली का?" परवान्याची रायफल बाळगणारा शेतकरी असो की नेमबाजीच्या वर्गात नुकतं नाव घातलेला मुलगा, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकाच्या तोंडी येतो. त्याला उत्तरंही भरपूर मिळतात. दुकानदार म्हणतो नळी थंड होती, मित्र म्हणतो हात हलला, तिसरा काडतुसांना बोल लावतो. तिघांचंही बरोबर असू शकतं आणि तिघांचंही चूक. पहिली गोळी खरोखरच वेगळी जाते का, जात असेल तर कशामुळे, आणि आपल्या रायफलीतलं नेमकं कारण कसं हुडकायचं, ते या प्रकरणात क्रमानं पाहू.

१. पहिल्या गोळीला एवढं महत्त्व का?

यवतमाळ जिल्ह्यातला पुसद, उमरखेड, महागाव हा टापू टेकड्यांचा आणि सागाच्या जंगलाचा. दक्षिणेला पैनगंगा नदी आणि तिच्या काठचं पैनगंगा अभयारण्य. जंगलाला खेटून कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा आणि ऊस. रानडुकरांचा कळप रात्रीतून शेतात शिरला की खातो थोडं आणि तुडवतो फार. रोही हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून नेतात. वसंतराव नाईक याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्र कृषिदिन म्हणून पाळतो. त्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याला आज पीक घरात येईपर्यंत रात्रीची जागल चुकत नाही.

कायदा इथं स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानं शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत कलम ११ खाली परवानगी मिळू शकते. ती लेखी हवी, वनखात्याची हवी आणि तिच्यातली प्रत्येक अट पाळायला हवी. अशी परवानगी हाती असलेल्या माणसाला शेतात संधी एकच मिळते. रायफल तासन् तास थंड पडलेली असते, प्राणी काही क्षण उभा राहतो, आणि जो बार निघतो तो पहिलाच असतो.

खेळाच्या मैदानावर तसं नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. पण स्पर्धा सुरू होण्याआधी नेमबाजाला तयारीसाठी आणि चाचणीच्या गोळ्यांसाठी १५ मिनिटं मिळतात. थंड नळीची पहिली गोळी त्या वेळातच उडून जाते आणि तिचे गुण कोणी मोजत नाही. शेताच्या बांधावर चाचणीची गोळी नसते. तिथं पहिली गोळी चुकली तर जखमी डुक्कर उसात शिरतं, दिवसेंदिवस तडफडतं, आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर उलटतं. म्हणून पहिल्या गोळीचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

२. रायफलीचे चार भाग

पुढचं सगळं समजायला चार शब्द पुरेत. गोळी ज्यातून जाते ती नळी. नळीच्या आतल्या पिळदार खाचा म्हणजे आटे. ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यामुळे गोळी सरळ जाते. बारा बोअरच्या किंवा ठासणीच्या बंदुकीला साधारणपणे आटे नसतात, म्हणून हे प्रकरण रायफलीपुरतंच आहे. नळी ज्या लाकडात बसवलेली असते तो दस्ता. आणि नळीच्या टोकावरची बारीक माशी, जी मागच्या खाचेत धरून आपण नेम घेतो.

आपल्याकडे परवान्यावर सर्रास दिसणारी रायफल म्हणजे 'तीनशे पंधरा'. ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तयार होते. तिची रचना जुन्या ली-एनफिल्ड लष्करी रायफलीवरून घेतलेली आहे, आणि तिच्या काडतुसांचं उत्पादन पुण्याजवळच्या खडकीच्या १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातही झालेलं आहे. ली-एनफिल्डच्या वळणाप्रमाणे हिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो: खांद्याकडचा वेगळा आणि नळीखालचा वेगळा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पाचव्या भागात ती कामाला येईल.

३. एका कागदानं काय सिद्ध होतं?

काहीच नाही. हे आधी पटवून घेतलं तर पुढची बरीच धावपळ वाचते.

कुठलीही रायफल सगळ्या गोळ्या एकाच भोकातून पाठवत नाही. गोळ्या थोड्या विखुरतातच. तीन गोळ्या मारल्या, तर त्यांतली एक इतर दोघींपेक्षा दूर असणारच. ती पहिली असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे अगदी निर्दोष रायफलीतही दर तीन कागदांमागे साधारण एका कागदावर 'पहिलीच बाहेर' असं दिसेल. पाच गोळ्यांच्या कागदावर ही शक्यता पाचात एक.

आता हाच हिशेब पुढे नेऊ. वेगवेगळ्या पाच दिवशी पाच-पाच गोळ्या मारल्या आणि पाचही दिवस पहिलीच सर्वांत दूर गेली. हा योगायोग असण्याची शक्यता एक पंचमांश पाच वेळा गुणून येते: ३१२५ मध्ये एक. त्यातही पाचही दिवस ती एकाच बाजूला, म्हणजे दर वेळी वर किंवा दर वेळी डावीकडे गेली असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. रायफल, काडतूस किंवा माणूस यांपैकी कोणीतरी पहिल्या गोळीला दर वेळी तसंच वागवत आहे. दोष शोधायला बसायचं ते एवढा पुरावा हाती आल्यावर.

४. भोकांना क्रमांक द्या

बहुतेक जण पाच बार काढून झाल्यावर कागद पाहतात. तोवर कुठलं भोक कितवं, हे कळायला मार्ग नसतो. प्रत्येक बारानंतर दुर्बिणीतून भोक पाहावं आणि वहीतल्या छोट्या आकृतीवर त्याच जागी क्रमांक लिहावा. मग कागद बोलू लागतो. त्याची तीन रूपं ओळखायला शिकावीत.

पहिलं रूप: एक नंबर बाहेर, दोन ते पाच एकत्र. एका बारानं काहीतरी बदललं आणि मग ते स्थिर झालं, असा याचा अर्थ. संशय नळीतल्या तेलावर, नुकत्याच केलेल्या सफाईवर किंवा नेम धरणाऱ्यावर.

दुसरं रूप: एक, दोन, तीन, चार, पाच अशी भोकं एकाच दिशेनं सरकत गेलेली. इथं काहीतरी हळूहळू वाढत आहे, आणि वाढणारी गोष्ट म्हणजे उष्णता. संशय तापणाऱ्या नळीवर आणि तिला टेकणाऱ्या लाकडावर. या कागदावर पहिली गोळी चुकलेली नसते. ती थंड नळीचं खरं ठिकाण दाखवते; वाहवत गेलेल्या असतात त्या नंतरच्या चार.

तिसरं रूप: कुठलाच क्रम नाही, सगळीकडे पांगापांग. संशय ढिल्या स्क्रूवर, हललेल्या माशीवर, रायफलीवर दुर्बीण बसवलेली असेल तर तिच्या बैठकीवर किंवा पुन्हा माणसावर.

आता एकेका संशयिताकडे जाऊ. स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेल पुसलं, स्क्रू आवळले आणि काडतुसांची पेटीही बदलली, तर गोळी जागेवर येईल कदाचित, पण कशामुळे आली ते कधीच कळणार नाही.

५. तेल, काजळी आणि लाकूड

पावसाळ्याचे चार महिने रायफल कपाटात असते. गंज चढू नये म्हणून नळीला आतून तेल दिलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती त्याच तेलासकट पहिला बार काढण्यात. तेलाच्या थरावरून जाताना गोळीचं आट्यांशी घर्षण बदलतं, दाब बदलतो, वेग बदलतो, आणि ती इतरांपेक्षा वेगळ्या जागी लागते. बार काढताना नळीच्या तोंडातून नेहमीपेक्षा जास्त धूर निघाला, तर तेल राहिलं होतं असं समजावं. तेल साचलेलं असेल तर प्रश्न नेमापुरता राहत नाही. अडथळ्यामुळे नळी फुगू शकते किंवा फाटू शकते.

यावर उपाय साधा. रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करावी, नळीची मागची बाजू बंद करणारा बोल्ट काढावा, सळईला सुती चिंधी लावून ती चापाकडच्या बाजूनं तोंडाकडे ढकलावी. पहिली चिंधी तेलकट निघेल, दुसरी मळकट, तिसरी-चौथी कोरडी. चिंधी कोरडी निघेपर्यंत थांबू नये. मग नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावं. आपल्याकडे कुंभारमाशी भिंतीच्या भोकात, कुलपात, पाइपात, जिथं जागा मिळेल तिथं मातीचं घर बांधते. उघड्यावर टांगून ठेवलेल्या बंदुकीची नळी तिला आयतीच सापडते. मातीनं बुजलेल्या नळीतून बार काढला तर हात जातो, डोळे जातात. म्हणून हे आरपार पाहणं दर वेळी करायचं, कितीही घाई असली तरी.

तेल निघालं तरी एक पेच राहतो. पितळ-तांब्याच्या आवरणाची गोळी जाताना आट्यांवर तांब्याचा पातळ थर आणि काजळी सोडते. दोन-तीन बारांत हा थर ठरावीक जाडीचा होतो आणि मग गोळ्या सारख्या वागू लागतात. नळी घासूनपुसून लख्ख केली की तो थर जातो, आणि पुढची पहिली गोळी उघड्या पोलादावरून जाते. घासलेल्या तव्यावर पहिलं धिरडं चिकटतं आणि तव्याला तेलाचा हात बसला की पुढची सुटी निघतात, तसंच हे आहे. म्हणून 'थंड आणि स्वच्छ' नळी वेगळी आणि 'थंड पण वापरलेली' नळी वेगळी. दोघींची पहिली गोळी दोन ठिकाणी लागू शकते. हे तपासायचं असेल तर एका दिवशी सफाईनंतरची थंड गोळी मारा, दुसऱ्या दिवशी सफाई न करता थंड गोळी मारा, आणि दोन्हींवर वेगळी खूण करा. फरक दिसला तर कारण सापडलं: परवानगीच्या काळाआधी मैदानावर दोन-तीन गोळ्या मारून नळी बसवून घ्यावी आणि मग काम होईपर्यंत ती घासू नये. काम संपलं की मात्र पूर्ण सफाई आणि तेल. दमट हवेत काजळी तशीच ठेवली तर गंज आटे खाऊन टाकतो.

आता लाकूड. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं हे आपण घरोघरी पाहतो. दस्त्याचं लाकूडही तसंच ओलावा शोषून फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तीनशे पंधराच्या दोन तुकड्यांच्या दस्त्यात नळीखालचं लाकूड एका बाजूनं नळीला जास्त दाबू लागलं, की थंड असताना गोळी एकीकडे आणि नळी तापून तो दाब बदलला की दुसरीकडे जाते. तपासायला वहीचं एक पान पुरतं. पानाची बोटभर रुंद पट्टी कापून नळी आणि लाकूड यांच्यामधून घालावी आणि मागेपुढे सरकवावी. डाव्या बाजूनं सहज सरकते आणि उजवीकडे अडते, असं झालं तर दाब सारखा नाही. पण म्हणून कानस घेऊन लाकूड झिजवायला बसू नये. काही रायफलींत नळीला लाकडाचा आधार मुद्दाम दिलेला असतो, आणि तो काढला तर नेम आणखी बिघडतो. हे काम परवानाधारक कारागिराचं. आपण एवढंच करावं: दस्त्याचे, माशीचे आणि दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू योग्य मापाच्या पेचकसानं एकेक करून तपासावेत, आणि आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ मारावी. रेघ तुटली की स्क्रू हलला हे लांबूनच कळतं.

६. उष्णतेनं नळी किती वाकते?

पोलादाची नळी वाकते हे ऐकायला खोटं वाटतं. हिशेब करून पाहू. पोलादाची एक मीटर लांबी तापमान एक अंशानं वाढलं की सुमारे ०.०१२ मिलिमीटरनं वाढते. आपली नळी ६० सेंटिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर जाड धरू. समजा तिची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा एकच अंश जास्त गरम आहे. मग वरची बाजू ०.००७२ मिलिमीटरनं जास्त लांब होईल. केसाच्या जाडीचा हा साधारण दहावा भाग. पण एक बाजू लांब झाली की नळीला बाक येतो. किती? ०.००७२ ला जाडीनं, म्हणजे १५ नं भागा: ०.०००४८. हा नळीच्या तोंडाचा कल. १०० मीटरवर त्याचे होतात ४८ मिलिमीटर. जवळजवळ पाच सेंटिमीटर!

पोलादातून उष्णता लवकर पसरते, त्यामुळे दोन बाजूंत पूर्ण एक अंशाचा फरक सहसा टिकत नाही. त्याचा पाचवा हिस्सा राहिला तरी गोळी सुमारे एक सेंटिमीटर सरकते. दोन बाजू असमान तापतात त्याची कारणंही साधी आहेत. भोक नळीच्या अगदी मध्यावर नसेल तर पातळ बाजू आधी तापते. नळी घडवताना पोलादात राहिलेले ताण उष्णतेनं सैल होतात. आणि विदर्भातलं ऊन एकाच बाजूला पडतं. म्हणून चाचणीच्या वेळी रायफल सावलीत ठेवावी, आणि 'थंड' म्हणजे हाताला थंड एवढ्यावर न थांबता, निदान तासभर बार न काढलेली आणि उन्हात न ठेवलेली असा अर्थ घ्यावा.

इथून एक मोठी चूक उघड होते. पुष्कळ जण एका बैठकीत दहा-पंधरा गोळ्या मारतात, नळी तापते, आणि शेवटच्या गोळ्या मध्यभागी येईपर्यंत माशी किंवा दुर्बीण सरकवत राहतात. नेम जुळतो खरा, पण तापलेल्या नळीचा. शेतात ती नळी कधीच तशी तापलेली नसते.

७. दोष थंडीचा आहे का?

"डिसेंबरच्या पहाटे दारूच गार पडते, म्हणून गोळी खाली जाते," असं आपण ऐकतो. काडतुसातली दारू गार असली की तिचं ज्वलन मंदावतं आणि गोळीचा वेग थोडा कमी होतो, हे खरं. पण किती फरक पडतो ते पाहू. समजा १०० मीटरच्या वाटेत गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ६२० मीटर आहे. तिला पोहोचायला ०.१६ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणानं ती सुमारे १२.८ सेंटिमीटर खाली येते. आता थंडीमुळे वेग १५ मीटरनं घटला असं धरा, जो बराच मोठा फरक आहे. गोळी १३.४ सेंटिमीटर खाली येईल. फरक अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त.

म्हणजे १०० मीटरच्या आत पहिली गोळी चार बोटं सरकली, तर तो दोष गार दारूचा नव्हे. अंतर ३०० मीटर असतं तर तोच फरक कितीतरी वाढला असता, पण शेतातल्या कामासाठी तेवढ्या लांबून बार काढायचाच नसतो. 'थंड नळी' या शब्दांत थंडीवर भर दिला जातो. प्रत्यक्षात आपण शोधतो ते पहिल्या आणि दुसऱ्या बारामध्ये काय बदललं ते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही पहिली गोळी बाहेर जात असेल, तर थंडीला दोष देण्याचं कारणच उरत नाही.

८. थंड हात

यंत्र तपासून झालं की माणूस. पहिला बार काढताना खांदा दस्त्यात नीट बसलेला नसतो, गाल लाकडावर रोजच्या जागी टेकलेला नसतो, बोटानं चापाचं वजन अजून ओळखलेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाराला शरीर आपोआप सावरतं, आणि श्रेय नळीला मिळतं.

दोघांची फारकत करायला एक सोपी युक्ती आहे. त्याच दिवशी आधी दुसऱ्या परवान्याच्या रायफलीनं, किंवा मैदानावरच्या छऱ्याच्या रायफलीनं पाच-सहा बार काढा. हात, डोळा, श्वास सगळं लयीत येईल. लगेच आपली थंड रायफल उचला आणि तिची पहिली गोळी मारा. आता माणूस तयार आणि नळी थंड. गोळी जागेवर लागली तर दोष नळीचा नव्हता. तरीही बाहेर गेली तर माणूस सुटला.

दोष माणसाचा निघाला तर वाईट वाटून घेऊ नये, कारण त्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. रायफल पूर्ण रिकामी करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, तोंड सुरक्षित दिशेला धरून, मोकळ्या चापाचा सराव रोज थोडा वेळ करावा. चाप सुटतो त्या क्षणी माशी हलली का, एवढंच पाहायचं. ठासणीच्या काळापासून जाणती माणसं शिकाऊ पोराला हेच सांगत आली आहेत: चाप ओढू नको, दाबत जा.

९. एका गोळीचा कागद

आता मुख्य चाचणी. ती अधिकृत मैदानावर, मागे मातीचा भरभक्कम बांध असतानाच करावी. तीनशे पंधराची गोळी मोकळ्या रानात दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. लक्ष्याचा एकच कागद घ्यावा. मैदानावर पोहोचल्यावर थंड रायफलीनं त्यावर एकच गोळी मारावी. भोकाशेजारी तारीख, वेळ आणि नळी स्वच्छ होती की वापरलेली, हे लिहावं. कागद काढून घडी घालून ठेवावा. बाकीचा सराव दुसऱ्या कागदावर. पुढच्या वेळी पुन्हा तोच जुना कागद, पुन्हा एकच गोळी. अशा वेगवेगळ्या दिवसांच्या निदान सात-आठ गोळ्या जमल्या की त्या कागदाकडे नीट पाहावं.

थंड गोळ्या एकमेकींजवळ आहेत, पण मध्यभागापासून बाजूला? मग रायफल भरवशाची आहे, नेमच चुकीच्या जागी जुळवलेला आहे. उदाहरणार्थ, १०० मीटरवर त्यांचा मध्य ३६ मिलिमीटर वर आहे. दुर्बिणीची एक टिचकी बहुधा १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकवते. पाच टिचक्या खाली, काम झालं. उघडी माशी असेल तर नियम असा: मागची खाच गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची माशी उलट दिशेला.

थंड गोळ्या सरावाच्या गोळ्यांइतक्याच विखुरल्या आहेत आणि मध्यही तोच आहे? मग दोष नव्हताच. तिसऱ्या भागातल्या योगायोगानं आपल्याला फसवलं होतं.

थंड गोळ्या सरावाच्या गोळ्यांपेक्षा खूप जास्त पांगल्या आहेत? मग चौथ्या भागात परत जावं आणि तेल, स्क्रू, लाकूड, माणूस या क्रमानं एकेक तपासावं. सगळं करूनही पांगापांग राहिली तर आटे झिजले आहेत का, हे कारागिराला दाखवावं.

१०. किती अंतरावरून बार काढायचा?

या कागदावरून शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा काढता येतो. समजा ५० मीटरवर मारलेल्या सगळ्या थंड गोळ्या ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसतात. अंतर दुप्पट झालं की वर्तुळही दुप्पट: १०० मीटरवर १६ सेंटिमीटर. मोठ्या रानडुकराच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांची जागा वीतभराचीच. सुरक्षित हिशेबासाठी ती १५ सेंटिमीटर धरू. १५ ला ८ नं भागून ५० नं गुणलं की येतात साधारण ९० मीटर.

पण मैदानावर टेकू होता, उजेड होता, आणि कागद जागचा हलत नव्हता. शिवाय नवी गोळी मारली की ते वर्तुळ मोठं होऊ शकतं, लहान कधीच होत नाही. म्हणून ९० मधून तिसरा हिस्सा सरळ वजा करावा. उरले ६० मीटर. ही तुमची आणि तुमच्या रायफलीची मर्यादा. शेजाऱ्याची मर्यादा वेगळी असेल, आणि तुमचीही दर पावसाळ्यानंतर, काडतुसांची नवी पेटी आणल्यावर किंवा दस्ता उघडल्यावर बदलेल. तेव्हा नवा कागद लावावा.

जागलीला बसायच्या जागेपासून ६० मीटरवर दिवसा एक खुंटी ठोकावी आणि तिला पांढरं फडकं बांधावं. खुंटीच्या पलीकडचं जनावर फटाके, डबे, बॅटरी, आरोळी यांनी हाकलायचं. अलीकडचं असलं, परवानगी असली, मागे मातीचा आडोसा असला आणि प्राणी स्पष्ट दिसत असला, तरच चापावर बोट न्यायचं. अर्धवट जखमी होऊन पळणाऱ्या जनावराचे हाल आणि त्याच्या वाटेत येणाऱ्या माणसाचा जीव, दोन्ही या एका आकड्यानं वाचतात. तो आकडा मिळवायला खर्च किती? एक कागद, आठ काडतुसं आणि थोडा धीर.